तळटीप : सहायक नृत्यदिग्दर्शिका

मलकपेठ असो वा फिल्मनगर, हैदराबादेतून तेलुगू सिनेमाच्या नृत्यपथकात गेलेल्या मुलीचं काम, रोजी, बाहेरगावचं चित्रीकरण हे सगळं ‘मास्टर’च्या, म्हणजे नृत्यदिग्दर्शकाच्या, शब्दावर ठरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये एका सहायक नृत्यदिग्दर्शिकेने नृत्यदिग्दर्शक जानी मास्टर यांच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. अत्याचार ती अल्पवयीन असल्यापासूनचे, असा आरोप असल्याने पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदाही लागला.

नर्तकांच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा जानी मास्टरच होते. मग मुलीने दाद मागायची कुणाकडे?

जानी मास्टर यांना गोव्यात अटक झाली, जाहीर झालेला राष्ट्रीय पुरस्कार स्थगित झाला. ऑक्टोबरमध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने जामीन दिला. आरोप सिद्ध झाल्याचे येथे गृहीत धरलेले नाही.