रक्ताळलेले हात आणि टिपेकानूची लढाई

जें घडलें नाहीं तें घडलें असतें तर काय झालें असतें, हा खेळ सर्वच देशांतील वाचकांस प्रिय असतो. पानिपतावर मराठ्यांचा जय झाला असता तर, ही कल्पना घेऊन डॉ. जयंत नारळीकर यांनीं कथा लिहिलीच आहे. अमेरिकेंत ऑर्सन स्कॉट कार्ड या कादंबरीकारानें हाच खेळ मोठ्या विस्तारानें मांडला. त्याच्या आल्विन नांवाच्या नायकाच्या कथामालेचा पहिला भाग ‘सेव्हन्थ सन’ १९८७ सालीं निघाला व दुसरा, ‘रेड प्रॉफेट’, १९८८ सालीं.

या मालेंतील अमेरिका निराळी आहे. इंग्लंडांत प्यूरिटनांची सत्ता टिकून राहिली आहे, वसाहतींचें एक मोठें राष्ट्र बनलेलें नाहीं, आणि खेड्यांतील मंत्रतंत्र व तोडगे येथें खरोखरीच लागू पडतात. पहिल्या भागांतील घरगुती वर्णनें बहुतेकांस गोड वाटतात. वाद माजतो तो दुसऱ्या भागावर. आणि तो समजण्यास मूळची हकीकत ठाऊक पाहिजे.

शॉनी जमातींत लालावेथिका नांवाचा एक मनुष्य होता. लहानपणीं अपघातानें एक डोळा गेलेला, दारूचें व्यसन जबर, आणि जमातींत मान असा नाहींच. १८०५ सालीं त्याला दृष्टांत झाला. त्यानें दारू सोडली, टेन्स्क्वातावा हें नांव घेतलें, आणि गोऱ्यांची दारू व चालीरीती टाकून द्या, असा उपदेश तो करूं लागला. इंडियाना प्रांताचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यानें कुचेष्टेनें म्हटलें कीं, हा खरा प्रेषित असेल तर त्यानें सूर्य थांबवून दाखवावा. टेन्स्क्वातावानें सूर्य काळवंडेल असें भाकीत केलें, आणि १६ जून १८०६ रोजीं खग्रास ग्रहण लागलें! हॅरिसनसाहेबांनीं हें आव्हान उगाच दिलें असें म्हणावें लागतें, कारण प्रेषिताची कीर्ति त्यामुळेंच दूरवर गेली.

१८०८ सालीं त्यानें व त्याचा भाऊ टेकुम्से यानें वॅबश आणि टिपेकानू या नद्यांच्या संगमाजवळ गांव वसविलें. पुढल्याच वर्षीं फोर्ट वेनच्या तहानें हॅरिसननें सुमारें तीस लाख एकर जमीन मिळविली. टेकुम्सेचें म्हणणें असें कीं, भूमि सर्व जमातींची आहे. चार सरदारांस ती विकण्याचा अधिकारच नाहीं. दक्षिणेकडील जमाती जुळविण्यास तो गेला असतां हॅरिसन हजारेक लोकांनिशीं गांवावर चालून आला. ७ नोव्हेंबर १८११ रोजीं उजाडण्यापूर्वींच गांवच्या लढवय्यांनीं त्याच्या छावणीवर छापा घातला. हॅरिसनचे साठांहून अधिक लोक पडले, पण छावणी मोडली नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें ओस पडलेलें गांव धान्यासकट जाळलें.

कार्डनें या प्रसंगाचें रूपच पालटलें. त्याचा हॅरिसन दारू विकून मूळ रहिवाशांचा नाश करतो व खोटें सांगून गोऱ्या शेतकऱ्यांस चिथावतो. प्रेषिताचीं माणसें शस्त्र न उचलतां उभीं राहतात आणि त्यांची कत्तल होते. मग मारेकऱ्यांस शाप मिळतो: भेटेल त्या अनोळखी माणसास आपली करणी सांगावी, न सांगितल्यास हात रक्तानें भरून येतील. पुढें प्रेषित आपल्या लोकांस घेऊन मिसिसिपी नदीपलीकडे निघून जातो.

येथें वाचकांचे दोन तट पडतात. एकास हा शाप म्हणजे साऱ्या मालेंतील सर्वांत उंच स्थळ वाटतें. पाप करणाऱ्यानेंच तें आपल्या तोंडानें सांगत फिरावें, याहून कडक शिक्षा कोणती? दुसरा पक्ष विचारतो कीं, ज्यांनीं छापा घातला, झुंज दिली, त्यांचे हात लेखकानें कां बांधले? झाडांचें व भूमीचें संगीत ऐकणारे हे साधुपुरुष कौतुकास पात्र खरे, पण टेकुम्से हा वाद घालणारा, डाव रचणारा, फौज जमविणारा हाडामांसाचा पुढारी होता. शिवाय १८३० सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून याच लोकांस नदीपलीकडे धाडण्याची सोय केली. कादंबरींत ते आपखुशीनें जातात! ज्यांस हुसकावलें त्यांच्याच तोंडीं हुसकावणीची संमति घालणें पुष्कळांस खटकतें, आणि तें खटकावें असेंच आहे.

तथापि शापाची कल्पना तेवढ्यानें हलकी ठरत नाहीं, कारण खऱ्या इतिहासांत नेमकें उलट झालें. टेकुम्से ५ ऑक्टोबर १८१३ रोजीं कानडांत हॅरिसनच्याच सैन्याशीं लढतांना पडला. टेन्स्क्वातावा १८३६ सालीं मिसिसिपीपलीकडे, आजच्या कॅन्ससमध्यें, वारला. १८४० सालीं हॅरिसन अध्यक्षपदास उभा राहिला, तेव्हां ‘टिपेकानू’ हेंच त्याचें लाडकें नांव झालें. मिरवणुकींत त्या नांवाचीं गाणीं म्हटलीं जात, आणि मतदारांस सफरचंदाची दारू पिंपेंच्या पिंपें पाजली जाई. तो निवडून आला, आणि पदावर जेमतेम एक महिना काढून ४ एप्रिल १८४१ रोजीं मरण पावला.