लाभार्थी म्हणजे मागणारा की मिळालेला?



ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाभार्थ्यांची यादी लागली, की आपण आधी आपलं नाव शोधतो. तो शब्द काय सांगतो, तिकडे मात्र लक्ष जात नाही.

शब्द दोन तुकड्यांचा आहे, लाभ आणि अर्थी. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, विद्या पदरात पडलेला नव्हे! त्या हिशोबानं लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. कचेरीत मात्र उलटं झालं. तिथं मागतो तो अर्जदार, आणि मंजुरी मिळाली की तो लाभार्थी.

तगाईच्या काळात भाषा रोखठोक होती. 1883 आणि 1884 च्या कायद्यांखाली सरकार विहिरीसाठी, बी-बैलासाठी पैसे देई. घेणारा तो कर्जदार. फेडायचंय, हे नावातच आलं.

पुढं एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला. 2 ऑक्टोबर 1980 पासून तो देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला. त्यात निवडलेलं कुटुंब ते लाभार्थी. आता हिशोब बघा. अल्पभूधारकाला अनुदान 25 टक्के, अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला एक तृतीयांश. बाकीचं बँकेचं कर्ज. धरा, 3000 रुपयांची म्हैस शेतमजुरानं घेतली, तर 1000 अनुदान आणि 2000 कर्ज. म्हणजे लाभापेक्षा देणं दुप्पट, आणि नाव लाभार्थी! मग म्हैस सरकारनंच दिली असं कुणाला वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? म्हणून मंजुरीचा कागद हातात आला, की अनुदान किती, कर्ज किती, हप्ता कधीपासून, हे तिथंच विचारून घ्यावं. 2019 पासूनच्या पीएम किसान योजनेत वर्षाला 6000 रुपये मिळतात, ते फेडायचे नसतात. तिथंही शब्द लाभार्थीच.

कालव्याखालच्या शेतकऱ्याला तर लाभधारक म्हणतात. पाणीपट्टी तो भरतो ते वेगळंच!

आता दुसरी बाजू. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली. तिचा कायदा 1977 साली झाला, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. मागेल त्याला काम, आणि 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारभत्ता. इथं मागण्यालाच किंमत होती, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थानं हाच खरा लाभार्थी. हजेरीपटावर मात्र तो मजूर होता.