राहुरी कृषी विद्यापीठ : पशुसंवर्धन प्रक्षेत्र

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्था. १९६८, राहुरी, जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) मध्यवर्ती परिसरातील गोठे, चाराक्षेत्रे व शेळी-मेंढी प्रकल्प. पशुवैद्यक पदवीचे शिक्षण येथे नाही, ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे (स्था. २०००) आहे. येथे कृषीचे विद्यार्थी पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र शिकतात.

गो संशोधन व विकास प्रकल्प : परिसराची खरी ओळख हा कळप. ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय येथलीच. गीर गाय व जर्सी वळू यांच्यापासून झालेल्या संकरित कालवडी होल्स्टीन फ्रीजियनच्या रेताने भरवल्या, की वासरात ५० टक्के होल्स्टीन आणि जर्सी व गीर प्रत्येकी २५ टक्के असे रक्त येते. पुढे याच प्रमाणाच्या नर-माद्यांचा आपसांत संकर करून ते टिकवले गेले. होल्स्टीनकडून दुधाचे प्रमाण, जर्सीकडून फॅट आणि गीरकडून उन्हातान्हात तगण्याची ताकद, असा हा हिशेब. गाय एका वेतात ३,००० लिटरहून अधिक दूध देते. परदेशी रक्त इतके असावे का, याविषयी पैदासतज्ज्ञांत मतभेद आहेत.

असे काम गोठ्याइतकेच नोंदवहीवर चालते. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, आईबापाचे क्रमांक, सकाळ-संध्याकाळच्या धारेचे वजन, गाभण राहिल्याची तारीख, भाकड काळ, दोन वेतांतले अंतर : वळूची निवड याच रकान्यांवरून होते. नोंदी मध्येच तुटल्या तर गाई राहतात, पण पैदासीचे संशोधन थांबते. म्हणून पाहणाऱ्याने गोठ्याआधी नोंदवह्या पाहाव्यात.

चारा : विद्यापीठाच्या चारापिकांपैकी लसूणघासाचा ‘आर. एल. ८८’ हा बहुवार्षिक वाण व संकरित नेपिअर ‘फुले जयवंत’ शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचले. घासातून प्रथिने, नेपिअरमधून भरपूर हिरवा चारा. दोन्हींच्या कापण्या पुन्हा पुन्हा मिळतात. दुष्काळी तालुक्यांना लागून असलेल्या या भागात संकरित गाय टिकली, त्याचे निम्मे श्रेय चाऱ्याला द्यावे लागते.

शेळी-मेंढी : संगमनेरी शेळी व दख्खनी मेंढी यांच्या सुधारणेचे काम मुख्यतः पशुपालकांच्या कळपांत चालते.

देशी गोवंश : याचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र विद्यापीठाच्याच पुणे येथील कृषी महाविद्यालयात आहे.

ग्रंथालय, वसतिगृहे : विद्यापीठाची सामाईक.