पडद्यासोबत आलेला पशुवैद्य

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई ओळखलं जातं मिरचीच्या बाजारासाठी. उन्हाळी मिरची ऐन टंचाईत पाणी मागते, त्यामुळे इथे विहीर, शेततळं, ठिबक हे विषय संपत नाहीत. अशा गावांत पाण्यावरची फिल्म दाखवायची आणि त्याच बैठकीत शिवारातल्या कामाला हात घालायचा, ही रीत महाराष्ट्रात आता ओळखीची आहे. तिचं कूळ मात्र बरंच लांबचं.

गावाला एकत्र बसून सिनेमा बघायची सवय लावली ती जत्रेतल्या तंबूने. पुढे १९४८मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि सरकारी गाड्या गावोगाव माहितीपट दाखवू लागल्या. पण त्या पडद्यावरून कुणीतरी सांगायचं आणि गावाने ऐकायचं.

ही दिशा उलटली ती फार दूर, कॅनडाच्या फोगो बेटावर. मासेमारी बसल्यामुळे तिथल्या लोकांना बेट सोडायला लागेल अशी वेळ आली होती. १९६७मध्ये कॉलिन लो या दिग्दर्शकाने बेटकऱ्यांच्याच बोलण्याच्या २७ छोट्या फिल्म केल्या आणि त्या बेटावरच्या वस्त्यांमध्ये दाखवल्या. एकमेकांशी फारसा संबंध न ठेवणाऱ्या वस्त्यांना कळलं, की सगळ्यांचं दुखणं एकच आहे. पुढे त्यांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या होड्या बांधल्या आणि बेट टिकवलं.

आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे १९७६चा दूध सहकारावरचा चित्रपट ‘मंथन’. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला. दिग्दर्शन श्याम बेनेगलांचं, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि त्यात स्मिता पाटील. पैसे घालणारे शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले, हे सगळेच सांगतात. मला त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी या चित्रपटाच्या प्रती इतर राज्यांतल्या खेड्यांत पाठवल्या आणि त्यांच्यासोबत पशुवैद्य नि दुधाचे तंत्रज्ञ धाडले. सिनेमा बघून मन हललं, की गाईबद्दल विचारायला माणूस समोर हजर! दूधसंघ कसा काढायचा, हे त्याच रात्री विचारता यायचं.

हाच धडा २०१६मध्ये पानी फाउंडेशनने पाण्यासाठी गिरवला. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली ११६ गावं पहिल्या वॉटर कप स्पर्धेत उतरली. फाउंडेशनचे सत्यजित भटकळ स्वतः फिल्मवाले. प्रशिक्षणासाठी मराठी फिल्म केल्या गेल्या. पण फिल्मच्या जोडीला प्रत्यक्ष शिवारात उतरून समतल चर आखणं होतं, जमिनीची पातळी मोजायचा हायड्रोमार्कर होता, आणि मग पहाटेचं श्रमदान. कोरेगावच्या वेळूने तो पहिला कप जिंकला.

जालना जिल्ह्याला नमुना शोधायला बाहेर जायची गरजच नाही. जिल्ह्यातल्याच कडवंचीत १९९६पासून पाणलोटाचं काम झालं. आज ते शेततळ्यांचं आणि द्राक्षांचं गाव आहे. कडवंचीवरची फिल्म पिंपळगावात लावायची, तर तिच्यासोबत शेततळ्याचा खर्च तोंडपाठ असलेला तिथला शेतकरीही आणायला हवा. कारण दिवे लागले की मिरचीवाले विचारणारच: तळ्यातला प्लास्टिकचा कागद किती वर्षं टिकतो, उन्हाने पाणी किती उडतं, आणि एका तळ्यावर मे महिन्यात किती एकर मिरची निघते?