आयर्लंडमधील धूम्रपानबंदी आणि लोकमत (२००३–२००५)

प्रस्तावना
कायदा लोकमताच्या मागे चालावा की पुढे, हा प्रश्न महाराष्ट्राला १८९१ च्या संमतिवय वादापासून परिचित आहे. आयर्लंडमध्ये तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी पबच्या संदर्भात उपस्थित झाला. प्रस्तुत निबंधात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

विरोधाचे स्वरूप
आयर्लंडमधील पब म्हणजे केवळ मद्यालय नव्हे. गावगप्पा आणि पारंपरिक संगीत यांचे ते ठिकाण आहे. १९९० च्या नियमांनी चित्रपटगृहांतील धूम्रपान रोखले. पब मात्र मोकळे राहिले. जानेवारी २००३ मध्ये आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन यांनी सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी बंदी घोषित करताच पबमालकांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला. धंदा बुडेल, परंपरा मोडेल आणि बंदी अमलात आणता येणार नाही, असे त्यांचे आक्षेप होते. शासनाचा युक्तिवाद निराळा होता. ग्राहकाला सवयीतून सोडवणे हा त्याचा आधार नव्हता; दुसऱ्यांच्या धुरात तासन्‌तास राबणाऱ्या कामगाराचे आरोग्य हा होता. २९ मार्च २००४ रोजी बंदी लागू झाली. उल्लंघनाची जबाबदारी धूम्रपान करणाऱ्याबरोबरच मालकावरही होती आणि दंडाची मर्यादा ३००० युरो होती.

मतपरिवर्तन
बंदीपूर्वी आणि त्यानंतर सुमारे आठ-नऊ महिन्यांनी धूम्रपान करणाऱ्यांची दूरध्वनीवरून पाहणी झाली. पबमध्ये धूम्रपान होताना दिसल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ९८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. पबमधील पूर्ण बंदीला त्यांचा पाठिंबा १३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांपर्यंत वाढला. तथापि या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. ८३ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी कायदा चांगला असल्याचे मान्य केले, परंतु पबमधील पूर्ण बंदीला निम्म्यांचाही पाठिंबा नव्हता. कायद्याचे हित पटणे आणि स्वतःची सवय सोडण्यास राजी होणे या भिन्न गोष्टी होत.

निष्कर्ष
येथे लोकमत कायद्यापूर्वी सिद्ध नव्हते. त्याचा मोठा भाग कायद्याच्या अनुभवातून घडला. मात्र यावरून कोणताही कायदा लादावा असे अनुमान निघत नाही. बंदी सर्वांना सारखी होती, तिचे कारण न्याय्य होते आणि उघड्यावर धूम्रपानाची मुभा शिल्लक होती. या तीन गोष्टींनी मतपरिवर्तनाला वाट करून दिली, असे वाटते. ‘लोक अद्याप तयार नाहीत’ ही सबब तपासताना म्हणूनच एक प्रश्न विचारला पाहिजे: पेला भरणाऱ्या कामगाराचे मत त्या ‘लोकां’त कोणी मोजले होते काय?