तालमीतला जोर आणि बास्केटबॉलचे कोर्ट

जमिनीवर हात-पाय टेकून, कोणतेही साधन न घेता, स्वतःच्याच शरीराचे वजन पेलत करायच्या हालचाली आता बास्केटबॉलपटूंच्या सरावात रुळू लागल्या आहेत. चार पायांवर अस्वलासारखे चालणे, पाठ जमिनीकडे ठेवून खेकड्यासारखे सरकणे, एका हातावर भार घेऊन कंबर वळवणे हे त्यांतले नेहमीचे प्रकार. या व्यायामाची महाराष्ट्रातली परंपरा बास्केटबॉलपेक्षा कितीतरी जुनी आहे. दोन्ही गोष्टी शाळांच्या मैदानांवर अनेक दशके शेजारीशेजारी राहिल्या, पण एकमेकींत फारशा मिसळल्या नाहीत.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांची मेहनत वर्णिली आहे. वजन उचलणे, चालणे-फिरणे, पोहणे आणि खांबावरचा व्यायाम हे सगळे त्यात येते. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मारुतीची मंदिरे उभारली आणि बलोपासनेला उपासनेचाच मान मिळाला. आजही तालमीच्या भिंतीवर मारुतीची तसबीर असते आणि मेहनतीला सुरुवात तिला नमस्कार करूनच होते. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. मल्लखांबाचा खांब जमिनीपासून उंच असला, तरी त्यावर चढणाऱ्याचे शरीर तयार होते ते खालच्या मातीत जोर-बैठका काढूनच.

जोर नीट पाहिला म्हणजे त्यातली करामत कळते. पंजे आणि पाय जमिनीवर टेकलेले असतात आणि कंबर वर उचललेली असते. कोपर वाकवत छाती जमिनीला जवळजवळ घासत पुढे जाते, मग हात ताठ होतात, मान वर येते आणि पाठीचा कणा मागे वाकतो. तिथून कंबर पुन्हा वर उचलून मूळ जागी यायचे. एका फेऱ्यात खांदे, मनगटे, कणा, पोट आणि मांड्यांची मागची बाजू एकामागून एक कामाला लागतात. शरीराचा कोणताही भाग एकटा राबत नाही. हनुमान दंडात एक पाय पुढे हाताजवळ येतो, वृश्चिक दंडात एक पाय मागे वर उचलला जातो. अशा प्रत्येक प्रकारात तोल नव्याने सांभाळावा लागतो. वस्ताद पठ्ठ्यांकडून हे शेकड्यांच्या हिशेबाने करून घेत. ताकदीबरोबर दमसासही तिथेच कमावला जाई.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही विद्या तालमीबाहेर पडली. 1914 मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले आणि 1928 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित करून दहा खंडांत प्रसिद्ध केला. हे काम 1936 ते 1949 या काळात पुरे झाले. वस्तादाच्या तोंडी असलेले ज्ञान अशा रीतीने चित्रांसह कागदावर उतरले. मराठी व्यायामवाङ्मयात याच्या तोडीचे काम दुसरे नाही.

बास्केटबॉल आला तो दुसऱ्याच वाटेने. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा हा खेळ शोधला. वायएमसीएच्या जाळ्यातून तो जगभर पसरला. हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला सुरू केलेल्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण संस्थेमुळे भारतात या खेळाचे शिक्षक तयार होऊ लागले. मुंबईत 1927 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. पुढे नागपाडा हा मुंबईच्या बास्केटबॉलचा बालेकिल्ला ठरला. 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर याच वस्तीतले.

हे दोन्ही प्रवाह एका शहरात आले ते 1936 मध्ये, बर्लिनला. त्या ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने कबड्डीसह भारतीय खेळ-व्यायामांची प्रात्यक्षिके केली. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले आणि नेस्मिथ स्वतः हजर होते. सामने उघड्यावर, टेनिसच्या माती-वाळूच्या कोर्टांवर झाले. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, चिखलात चेंडू उसळेना आणि अमेरिकेने कॅनडाला अवघ्या 19–8 गुणांनी हरवले. त्या दिवशी पायाखालच्या घसरत्या जमिनीवर तोल राखण्याची कला बास्केटबॉलपटूंना किती उपयोगी पडली असती!

1938 मध्ये मुंबईजवळ कांदिवली इथे सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. शाळांच्या तासिकेत मात्र जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार कवायतीच्या खात्यात गेले आणि बास्केटबॉल खेळांच्या खात्यात. खेळाच्या तयारीसाठी धावण्याच्या फेऱ्या, उड्या आणि पुढे वजने आली. जमिनीवरची मेहनत पहिलवानांची मानली गेली. ही विभागणी खेळाच्या दृष्टीने तोट्याची ठरली. बास्केटबॉलपटू सतत उडी मारतो, एका पायावर उतरतो, क्षणात दिशा बदलतो. घोटा मुरगळणे ही या खेळातली सर्वांत नेहमीची दुखापत, आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचे दुखणेही कायमचे पाठीशी लागते. रिबाउंडच्या गर्दीत खाली पडणारा खेळाडू हातावर पडतो, त्यामुळे मनगट आणि खांद्यालाही भार घेण्याची सवय हवी.

अशा सरावाने दुखापती कमी होतात याचा शास्त्रीय पुरावा फुटबॉलच्या वाटेने आला. फळीसारखे शरीर ताठ धरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचा गुडघ्यावर बसून करायचा व्यायाम, बैठका आणि एका पायावरचा तोल यांचा समावेश असलेला फिफाचा ‘11+’ हा सराव इटलीतल्या पुरुष बास्केटबॉल संघांवर अजमावला गेला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा सराव करणाऱ्या खेळाडूंना दुखापती कमी झाल्या.

तालमीची मेहनत जशीच्या तशी उचलून मात्र चालत नाही. जोर आणि बैठक दोन्ही मुख्यतः पुढे-मागे आणि वर-खाली चालतात. बास्केटबॉलला आडवे सरकणे आणि कंबरेचे वळण लागते. रोज शेकडो उड्या मारणाऱ्याच्या गुडघ्यावर हजार बैठकांचा बोजा टाकणे हानिकारकच. म्हणून संख्या कमी ठेवून प्रकार वाढवायचे: सावकाश जोर, हनुमान दंड, दोन्ही दिशांनी चौपायी आणि खेकडा चाल, खोल बैठकीत थांबून बाजूला भार नेणे. सामन्याच्या दिवसांत हे गरम होण्यापुरते थोडा वेळ आणि हंगाम नसताना अधिक वेळ करता येते. उड्यांच्या जड सरावानंतर लगेच ते दमून करू नये, कारण तेव्हा ढब बिघडते.

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडसारख्या झाडीपट्टीतल्या गावात एखाद्या शाळेने बास्केटबॉल सुरू करायचे म्हटले, तर रिंग आणि पक्क्या कोर्टासाठी पैसा उभारावा लागेल. जमिनीवरच्या या सरावाला खडे वेचून साफ केलेली मऊ माती पुरते. शाळेत सूर्यनमस्कार घालणाऱ्या मुलांना त्याची अर्धी ओळख आधीच असते. शिक्षकाने शिकवायचे उरते ते आडवे सरकणे, वळणे आणि उडीनंतर गुडघे आत न झुकवता अलगद उतरणे.