सदरचे कॅथेड्रल आणि १९७०

हिंगण्याहून नागपूर शहरात येऊन सदरकडे गेले की ऑल सेंट्स कॅथेड्रल लागते. हे चर्च १८५१ साली उभे राहिले, तेव्हा नागपूरवर भोसल्यांचे राज्य होते. ते खालसा झाले १८५४ मध्ये. म्हणजे इंग्रजांची सत्ता येण्यापूर्वीच त्यांचे प्रार्थनामंदिर येथे आले होते. १९०३ मध्ये नागपूर हा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला.

नागपूरच्या ख्रिस्ती समाजाचा दुसरा प्रवाह स्कॉटिश मिशनचा. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. त्यांचे नाव आजही येथील महाविद्यालयाला आहे. एकाच शहरात, एकाच देवाची प्रार्थना करणारे हे दोन समाज वेगळे राहिले, ते इंग्लंड-स्कॉटलंडमधील जुन्या वादांमुळे. त्या वादांशी येथील मराठी ख्रिस्ती माणसाचा काय संबंध?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आदी सहा पंथीय संस्थांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. सदरचे कॅथेड्रल त्यातच आले. आमच्या मते या वास्तूच्या इतिहासातील खरी महत्त्वाची तारीख हीच होय. वास्तू कोणी बांधली, हे दप्तरात सापडते. राज्यकर्ते निघून गेल्यावर ती कोणी आपली मानली, याचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे.